बाबा, रात्री काठी घेऊन बाहेर जायचं नाही

प्रिय आई, बाबा,

तिकिटं झाली, एअरपोर्टवर व्हीलचेअर पण सांगून ठेवलीये, आता राहिल्या कोंबड्या. फोनवर सांगायला घेतलं की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि आई मधेच "तू बारीक दिसतेस" म्हणते, त्यात काहीच धड पूर्ण होत नाही. म्हणून लिहूनच काढतेय. दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

मुख्य गोष्ट बाबांसाठी आहे. रात्री खुराड्याकडून कितीही फडफड, खडखड, ओरडा ऐकू आला तरी तुम्ही टॉर्च आणि काठी घेऊन बाहेर जायचं नाही. अजिबात नाही. मला पक्कं माहितीये तुमचा पाय आपोआप दाराकडे वळणार, गावाला आयुष्यभर तेच केलंत, उदमांजर आलं की "हाड हाड" करत पडवीतून थेट परसात, चप्पल पण न घालता. पण इथे अमेरिकेत, आमच्या कॅरीमधे येतो तो रॅकून, आणि त्याच्याशी रात्री भांडण काढायचं नसतं, जे काय करायचं ते संध्याकाळीच करून ठेवायचं आणि मग झोपायचं.

रॅकून तुम्ही व्हिडिओत पाहिलाय, उन्हाळ्यात कॅमेऱ्यात सापडलेला पाठवला होता तोच. मांजरापेक्षा चांगलाच थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला कडी. आई म्हणाली "कित्ती गोड". दिसतो गोडच. १९२६ मधे इथल्या राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना कोणीतरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी म्हणून जिवंत रॅकून पाठवला होता तर त्यांनी तो खाल्ला नाही, रिबेका नाव ठेवून व्हाइट हाऊसमधे पाळला (हे बाबांसाठी, तुम्हाला असलं आवडतं). पण आपल्या नॉर्थ कॅरोलायनात रेबीज झालेला प्राणी सापडला तर सगळ्यात जास्त वेळा तो रॅकूनच निघतो. इकडे सरकार डोंगराळ भागात विमानातून लसीची पाकिटं टाकतं, माशांच्या वासाची, जंगलातल्या रॅकूनांनी खावीत म्हणून, एवढा हा विषय गंभीर आहे. कोपऱ्यात सापडला, किंवा सोबत पिल्लं असतील तर तो अंगावर येऊ शकतो, आणि बाबा तुमचं ब्लड थिनर चालू आहे. चुकून चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच आम्हाला सांगायचं, हळद लावून सकाळपर्यंत थांबायचं नाही. आम्ही घरात नसलो तर सरळ ९११, इथला तातडीच्या मदतीचा नंबर. एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग काही करता येत नाही, हे तुम्हाला गावाकडच्या कुत्र्यांमुळे माहितीच आहे.

दिवसा एखादा दिसला म्हणजे तो पिसाळलेलाच असतो असं मात्र नाही. एप्रिल-मेमधे माद्या वितात, मग दूध पाजणारी मादी भुकेपोटी दिवसाही फिरते. झोकांड्या खात असेल, तोंडातून लाळ गळत असेल, माणसाला बघून हलतच नसेल, तर दार लावून घ्यायचं आणि अ‍ॅनिमल कंट्रोलचा नंबर फ्रिजवर लावलाय तिथे फोन करायचा. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, "रॅकून, सिक, बॅकयार्ड" एवढं बोललात तरी समजतं त्यांना.

आता खुराडं. बाबा, तुम्ही मागे विचारलंत की पाच कोंबड्यांना एवढा किल्ला कशाला, एवढ्या पैशात आयुष्यभराची अंडी आली असती. आली असती. २०२५ च्या मार्चमधे बर्ड फ्लूमुळे इथे अंडी सरासरी सहा डॉलरच्या वर डझन झाली होती ना, तेव्हासुद्धा आमचा हिशोब तोट्यातच होता, निखिलने एक्सेल शीट केली होती ती मी डिलीट करायला लावली. पण ईराला त्या हव्यात आणि खरं सांगू का, मलाही हव्यात.

तर त्या किल्ल्याचं कारण म्हणजे रॅकूनचे हात. कोल्हा दात लावतो, ससाणा वरून झडप घालतो, हा हात वापरतो, पाच-पाच बोटं, आणि बोटांना स्पर्श इतका कळतो की डोळ्यांची गरजच नाही, आई कशी लाईट गेल्यावर मसाल्याच्या डब्यातून बरोब्बर लवंग काढते तसं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका अभ्यासकाने रॅकूनांना तेरा प्रकारच्या अवघड कड्या दिल्या होत्या, त्यातल्या अकरा त्यांनी उघडल्या, तेही दहाच्या आत प्रयत्नांत. आपल्या गावच्या खुराड्याचा आकडा आठवतो ना, नुसता वर उचलला की सुटतो? तो त्याला काहीच नाही. आणि बाबांची आयडिया, डालग्याखाली झाकून वर दगड, ती तर विसराच, तो डालगं कलंडवतो.

इथले लोक म्हणतात दोन वर्षांच्या पोराला उघडता येईल अशी कडी रॅकूनलाही येते. म्हणून प्रत्येक दाराला दोन-दोन गोष्टी आहेत, आधी सरकवायचा बोल्ट आणि त्याच्या भोकात कॅराबिनर, म्हणजे ट्रेकवाले दोराला अडकवतात ती स्प्रिंगची कडी. ती आत दाबून, तशीच धरून, फिरवून काढावी लागते. आता प्रॉब्लेम असा की आईच्या बोटांना ते जमणार नाही, सकाळी तर नाहीच. मी खूप शोधलं पण आईला सोपी आणि त्याला अवघड अशी वस्तू बाजारात नाही, जे तुझ्या दुखऱ्या बोटांना जमेल ते त्याला जमतंच. म्हणून अंड्यांच्या पेटीला जरा मोठी कॅराबिनर घेतलीये, हाताच्या तळव्याने दाबली तरी उघडते, बघ जमतंय का. नाही जमलं तर अंडी काढायचं काम बाबांचं आणि तू टोपली धरून उभी राहा. फक्त "आत्ता परत यायचंच आहे" म्हणून कडी लोंबकळत ठेवायची नाही. अंड्यांच्या पेटीचं झाकण बाहेरून उघडतं, आणि त्याची पहिली नजर तिथेच असते.

जाळीचं पण सांगते कारण बाबा आल्या आल्या हलवून बघणार. आपल्या घराच्या प्लास्टरला कॉलम आणि विटांच्या जोडावर गवंड्याने चिकन मेश मारली होती, षटकोनी भोकांची, आठवतंय? इथे दुकानात कोंबड्यांसाठी तीच लटकवलेली असते आणि नवीन माणूस तीच आणतो. तिने कोंबडी आत राहते, रॅकून बाहेर राहत नाही. तार पातळ, ओढून फाटते, आणि फाटली नाही तरी भोकातून त्याचा हात आत जातो. आमच्या मागच्या रस्त्यावर एकांकडे झालं तसं, सकाळी दार बंद, कडी बंद, जाळी जागेवर, आणि जाळीला टेकून झोपलेल्या दोन कोंबड्यांची मुंडकी नाहीत. आई, सॉरी, पण हे कळल्याशिवाय तुम्हाला ते खूळच वाटलं असतं. आमची आहे ती अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी, १९ गेज, हात तर नाहीच, मोठा उंदीरही नाही जात. स्टेपलरच्या पिना उपटून निघतात म्हणून स्क्रू आणि वॉशर लावून बसवलीये. वरून पण आहे, कारण हा झाडावर चढणारा प्राणी, उतरताना तर डोकं खाली करून उतरतो.

आणि जमिनीत. खुराड्याच्या चारी बाजूंनी दोन फूट बाहेरपर्यंत जाळी आडवी अंथरून खिळ्यांनी ठोकलीये, वरून गवत उगवलंय म्हणून दिसत नाही. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, तिथे जाळी लागली की त्याला दोन फूट मागे जाऊन सुरुवात करायचं काही सुचत नाही. आई, तुला तिथे बघताक्षणी अळू लावावंसं वाटणार, खत आयतं, ऊन चांगलं. नको. कुदळ मारलीस की जाळी फाटली. तुझ्यासाठी कुंपणाकडे वाफा केलाय, तिथे अळू, मिरच्या, काय हवं ते लाव, आणि जाळीच्या कडेवरून चालताना चप्पल अडकू देऊ नकोस.

आता रोजचं. जूनमधे इथे सूर्य साडेआठला मावळतो, पूर्ण अंधार पडायला नऊ वाजतात, आणि बाबा, तुम्ही त्या वेळेला झोपलेले असता. म्हणून ऑटोमॅटिक दार बसवलंय, उजेड गेला की आपोआप खाली येतं. कोंबड्या पण शहाण्या, तिन्हीसांजेला आपणहून आत जाऊन दांडीवर बसतात, हे तर तुम्ही मला शिकवलंत. पण दाराला मोजता येत नाही. एखादी तलंग कुंपणावर बसून राहिली आणि दार पडलं की ती बाहेर, आणि अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती हलत नाही, बसल्या जागी उचलली जाते. म्हणून दार पडलं की किचनच्या खिडकीशेजारी स्क्रीन लावलीये त्यात आतल्या कॅमेऱ्यात बघून पाच मोजायच्या. काळी-पांढरी ठिपक्यांची आहे ना, ती खुडुक बसली की दांडीवर नसते, अंड्यांच्या पेटीत असते, तिला पण धरायचं. चारच भरल्या तर उजेड आहे तोवर बाबांनी जाऊन आणायची, अंधार पडला असेल तर आम्हाला फोन. आम्ही घरी नसू तर ती रात्र तिच्या नशिबावर. मी मनापासून सांगतेय, कोंबडी गेली तर दुसरी येईल.

दाणे रात्री आत ठेवायचे नाहीत, भांडं उचलून गॅरेजमधे, पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. आणि बाबा, आता तुमचा कावळ्याचा घास. सकाळी भिंतीवर भात ठेवल्याशिवाय तुम्ही जेवत नाही हे माहितीये, आणि इथे कावळे आहेतही, भरपूर आहेत. ठेवा, पण सकाळीच, आणि दुपारनंतर उरलेला उचलून टाका. रात्री तिथे भात राहिला की पहिल्या दिवशी रॅकून भात खातो, मग रोज येतो, मग कड्या चाचपत बसतो, वेळ भरपूर असतो त्याच्याकडे. जुलै-ऑगस्टमधे तर आईमागे पिल्लांची रांग असते आणि ती त्यांना हेच सगळं शिकवते. तुम्हाला दया येणार, मला माहितीये, गावाला मुंगसाच्या पिल्लांना दूध ठेवणारे तुम्ही. इथे नका. पिंजरा लावून पकडून लांब सोडून येऊ असंही कुणी शेजारी सांगेल, ते इथल्या कायद्यात बसत नाही, रेबीजमुळेच.

अंगणात झाडाच्या बुंध्याशी किंवा डेकखाली एकाच जागी विष्ठेचा ढीग दिसला तर झाडूने लोटायला जाऊ नका. रॅकून ठरलेल्या जागी जातात आणि त्यात एका जंताची अंडी असतात, माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत जाऊ शकतात. निखिल बघेल ते, ग्लोव्ह्ज घालून, उकळतं पाणी ओतून. ईरालाही तिकडे जाऊ देऊ नका.

बाकी किरकोळ. अंडी संध्याकाळच्या आत काढायची, नाहीतर रॅट स्नेक येतो, काळा, लांबलचक, बिनविषारी, आपल्या धामणीसारखाच. पण इथे कॉपरहेड म्हणून विषारी साप पण असतो आणि दोघांतला फरक बघायला तुम्ही वाकून बसायची गरज नाही. ससाणा दिवसा घिरट्या घालतो, तेव्हा कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर कुणीतरी बाहेर बसलेलं हवं, हे काम मात्र दोघांना मस्त आहे, खुर्च्या ठेवल्यात, चहा घेऊन बसा. कोंबडा का नाही म्हणून विचारू नका, आमच्या टाऊनमधे कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही, शेजाऱ्यांची झोप मोडते. पहाटे उठवायला बाबा आहेतच.

आणि येताना गावच्या खुराड्यात वापरता त्या चपला बॅगेत अजिबात टाकू नका. फॉर्मवर किंवा कस्टम्सवाल्याने विचारलं की गुरं-कोंबड्यांजवळ गेला होता का, तर खरं ते "हो" सांगा, घाबरायचं काही नाही, फार तर बूट बघतील. बर्ड फ्लूमुळे तिकडचं काही इकडच्या कोंबड्यांना नको. अंडी, कुक्कुटखाद्य, अळूचे कंद, काहीही नको, आई, अळूचे कंद इथे इंडियन स्टोअरमधे मिळतात, पिशवीत लपवून आणायचे नाहीत. इथे दोघांसाठी गमबूट घेते, ते फक्त खुराड्यासाठी, दाराबाहेरच काढायचे. पायाची मापं सेंटिमीटरमधे पाठवा, इथले नंबर वेगळे असतात. बाबांच्या डाव्या पायाचं संध्याकाळी घ्या, सूज असते तेव्हा.

तुमची,
बबी