काळू उपाशी नव्हता

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शरीरात एवढी फौज असते म्हणतात, मग तुझ्या मामाच्या डोक्यात गाठ वाढेपर्यंत ती काय झोपली होती?" मागे आईचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून "नंतर सांगते" म्हणत मी फोन ठेवला.

झोपली नव्हती. मामाची गाठ ग्लायोब्लास्टोमा जातीची, म्हणजे मेंदूतच उगवणारा जहाल कॅन्सर. अशा गाठीचा तुकडा आम्ही मायक्रोस्कोपखाली बघतो तेव्हा त्यात नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. कित्येकदा तिसरा हिस्सा प्रतिकाराच्याच पेशींचा असतो. मेंदूला स्वतःचे राखणदार आहेत, मायक्रोग्लिया नावाचे. स्पेनच्या देल रिओ ओर्तेगाने त्यांना १९१९ मध्ये हे नाव दिलं. बारीक फांद्या पसरून ते सतत आजूबाजू चाचपत असतात. शिवाय रक्तातून मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, येतात.

म्हणजे फौज पोचते. पण आपल्या मळ्यातला काळू आठवतो? केळीचे घड कापून नेले त्या रात्री तो भुंकलाच नाही, कारण चोर महिनाभर त्याला भाकरी टाकत होता. गाठ नेमकं तेच करते. ती अशी रसायनं सोडते की हे राखणदार तिच्यावर तुटून पडायचं सोडून तिलाच वाढायला मदत करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला हातभार लावतात. कॅन्सर खरा मारणाऱ्या टी पेशी तिथवर थोड्याच पोचतात, आणि पोचतात त्याही थकून गप्प बसतात. २०१८ मध्ये तर असं दिसलं की या रुग्णांच्या पुष्कळ टी पेशी हाडांच्या मगजातच अडकून पडतात.

आता मामीच्या त्या 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' पावडरीचं. आई, तू तिला समजाव, माझं ती ऐकत नाही. काळू उपाशी नव्हता, अशक्तही नव्हता. त्याला आणखी दूध पाजलं असतं तर तो भुंकला असता का? डब्यामागून डबा आणण्यापेक्षा ते पैसे मुंबईच्या फेऱ्यांना लागतील. आणि गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता काहीच द्यायचं नाही, काढासुद्धा.

डेक्साची, म्हणजे त्या स्टेरॉइडची, गोळी मात्र मनाने बंद करू नका. तिने प्रतिकारशक्ती दबते हे मामीचं म्हणणं खरं आहे. पण कवटीत सूज मावायला जागा नसते आणि ती गोळी सूज उतरवते. एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. कमी करायची तर डॉक्टरच हळूहळू करतील. रक्तातली साखर तेवढी तपासत राहा, या गोळीने ती वाढते.

मामेभाऊ नोबेलवाल्या इंजेक्शनसाठी वावर विकायला निघालाय म्हणे. टी पेशींना लागलेला ब्रेक काढायची वाट दाखवली म्हणून २०१८ मध्ये अ‍ॅलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं ते खरं. त्या वाटेने निघालेल्या औषधांनी त्वचेच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये खूप लोक वाचले. पण परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमावर मोठी चाचणी झाली, त्यात आयुष्य वाढलं नाही. कार-टी उपचाराने, म्हणजे टी पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखतील अशा बदलून परत सोडतात त्याने, काहींची गाठ थोड्या दिवसांत आक्रसली, पण बऱ्याच जणांची पुन्हा वाढली. आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झालेली कार-टी रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. वावर राहू द्या, मी बोलते त्याच्याशी.

आई, आखाजीला मामा बोलता बोलता शब्दाला अडखळला आणि आपण सगळे हसलो, ते तू मनाला लावून घेतलंयस. मीही हसले होते, आणि माझा तर हा धंदा आहे. तेव्हा कळलं असतं तरी उपचार हेच होते: ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, भुसावळला उतरून थेट मामाकडेच येईन. त्याला सारखी भूक लागतेय ना, ती डेक्साची. बामणोदची वांगी मिळाली तर भरीत घेऊन ये, मिरची जरा बेताने. कळण्याची भाकरी मी तिथे थापते, तू हसलीस तरी चालेल.

तुमची,
ताई