काकाचा पैसा

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकांचं पार्सल पोचलं. आठवड्यात चारही संपवली. आपल्याकडं रात्रीची लाइन आहे. हरभऱ्याला मोटार लावून दिली की खोपडीत बॅटरीच्या उजेडात दुसरं काम तरी काय!

दोन रहस्यकथांपैकी हिरव्या पुठ्ठ्याची झकास. खुनी पहिल्या पानापासून समोर चहा पीत बसलेला, आणि मला दिसला नाही. दुसरीनं मात्र फसवलं. शेवटच्या वीस पानांत कुठला तरी मावसभाऊ उपटतो आणि तोच खुनी निघतो! मोजणी झाल्यावर शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवणाऱ्या शेजाऱ्यासारखं झालं हे. लहानपणी आम्ही बाबुराव अर्नाळकर वाचायचो. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. त्यांचा नायक झुंजार मरणार नाही हे माहीत असायचं, तरी जेवण विसरायचो.

प्रेमाच्या दोन कादंबऱ्या मी हसण्यावारी नेणार होतो. 1811 ते 1820 मधलं इंग्लंड, बग्ग्या, नाचाच्या मेजवान्या. एका नाचात पाहुणा म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन येतो, 1815 चा वॉटर्लूचा विजेता, आणि साऱ्या पोरी माना वळवतात. मी पुस्तक मिटलं. अगं, हा तर आपला वेलस्ली! 29 नोव्हेंबर 1803 ला आपल्या वऱ्हाडात अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा, 15 डिसेंबरला गाविलगड घेणारा. शाळेच्या सहलीत ज्या दरवाज्यात तू डबा खाल्लास, तोच गड. किल्लेदार बेनीसिंग तिथंच लढताना पडला. लेखिकेला ते सांगायची गरज नसेल, पण मला त्या नाचात पुढं रमता येईना.

रोज संध्याकाळी तुझ्या मायला मराठीतून गोष्ट सांगत होतो. लग्न होणार हे तिनं तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. नायकाचा काका हिंदुस्थानातून गडगंज होऊन परततो, त्या इस्टेटीवरच सगळा डोलारा. तूर पाखडता पाखडता ती म्हणाली, "पण त्या काकानं एवढा पैसा कमावला कुठून?"

मी उरलेली पानं चाळली. एकही पात्र ते विचारत नाही.

मुख्य रहस्य तेच होतं आणि हुडकलं तुझ्या मायनं. आता ती म्हणते, पुढच्या खेपेला खुनाची पुस्तकं तिला आधी सांगायची.

तुझे,
बाबा