शनिवारची चर्चा: हरत्या संघाला नवा प्रशिक्षक

मंडळी, येत्या शनिवारी रात्री ९ वाजता नेहमीच्या लिंकवर भेटू. विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेटवाल्या. (मागच्या वेळी दोघेजण मेस्सीची तयारी करून आले होते, म्हणून आधीच सांगतोय.)

मुख्य उदाहरण इंडियाना विद्यापीठाचं. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. प्रशिक्षक टॉम ॲलन यांना काढताना विद्यापीठाला सुमारे १.५५ कोटी डॉलर भरपाई मोजावी लागली. आठवड्याभरात त्यांच्या जागी कर्ट सिग्नेटी आले, वय ६२. आधी ते जिथे प्रशिक्षक होते त्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडूही त्यांनी सोबत आणले. २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव! त्याआधी या संघाने एका हंगामात कधी १० सामनेही जिंकले नव्हते.

सगळं श्रेय प्रशिक्षकालाच द्यायला मी तयार नाही. खेळाडूंना कॉलेज बदलण्याची मोकळीक नसती, तर हे एका वर्षात जमलं असतं का? यावर भांडायला तयारीनिशी या. वेळ उरला तर कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ आणि त्याचे प्रशिक्षक डिऑन सँडर्स.

बोलायचं असेल त्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच नाव कळवा. प्रत्येकी ५ मिनिटं, घड्याळ माझ्याकडे.