आधी कार्यकक्षा वाच

गिरगाव, मुंबई

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगाबद्दलचं ‘श्रीकृष्ण आयोगाने न्याय दिला’ हे वाक्य खोड. १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग फक्त सत्य शोधून सरकारपुढे ठेवतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सहा महिन्यांत अहवाल कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळात मांडावा लागतो, पण कार्यवाही काय करायची ते सरकारच ठरवतं. सगळं अडतं ते इथेच.

म्हणून अहवाल हाती आला की निष्कर्षांकडे धावू नकोस. आधी कार्यकक्षा, म्हणजे सरकारने आयोगाला नेमून दिलेले प्रश्न, वाच: काय विचारलं, काय विचारलंच नाही. मग तारखा लाव. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींसाठी आयोग नेमला जानेवारी १९९३मध्ये. जानेवारी १९९६मध्ये सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा उभा केला आणि मार्च १९९३चे बॉम्बस्फोटही त्याच्या कक्षेत घातले. अहवाल आला फेब्रुवारी १९९८मध्ये, विधिमंडळात मांडला ऑगस्टमध्ये, आणि सरकारने त्यातले मुख्य निष्कर्ष नाकारले. दंगलीच्या कितीतरी गुन्ह्यांवर तर ‘ए समरी’ लागली होती, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, फाइल बंद. हे दोन शब्द वाचले की मला अजून राग येतो.

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे मात्र गुन्हेगारांना माफी देण्याचा अधिकार होता. अट अशी की गुन्हा राजकीय हवा आणि सगळं उघड सांगायला हवं. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. पण माफी नाकारलेल्यांवर पुढे खटले फारसे चाललेच नाहीत. तू नुसतं कौतुक लिहिलं आहेस, हेही घाल.

नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी जर्मनीत बसवलेल्या पितळी दगडांचा परिच्छेद उत्तम झालाय. दहा सेंटिमीटरचा चौकोन, घरासमोरच्या फरसबंदीत बसवलेला. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं. एका दगडावर एकच माणूस. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक जागेत ते बसवू दिले नाहीत, तेवढी ओळ जोड.

आपल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दंगलींतल्या ९०० मृतांचा हिशोब असा आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ अज्ञात. निबंधाची सुरुवात त्या ४५ जणांपासून कर.

तुझी आई