यंदा गणपतीला येणे जमणार नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला मी घरी नसेन, हे फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. फ्रान्समधल्या सेंतेमिल्यों या गावातील नव्या वाइनरीच्या (वाइन बनवण्याच्या जागेच्या) इमारतीचे काम मी स्वीकारले असून तसे कळवूनही टाकले आहे. इथे द्राक्षांची तोडणी सप्टेंबरात सुरू होते आणि त्याआधी टाक्या बसल्या नाहीत तर वर्षाचे पीक ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहील.

बाबा, मुलीने दारूसाठी इमारत बांधावी हे तुम्हाला रुचलेले नाही, हे मी जाणते. पण लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मी चिरेखाण पाहिली, तिचीच आठवण मला या गावात रोज होते. चुनखडीचा दगड काढून इथली घरे बांधली आणि जमिनीखाली उरलेल्या बोगद्यांत वाइन ठेवली. गाव व भोवतालचे मळे १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, त्यामुळे नवी भिंत फार जपून उभारावी लागते. इथल्याच शव्हाल ब्लां या वाइनरीत वास्तुकार क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क यांची २०११ सालची पांढऱ्या काँक्रीटची वळणदार इमारत आहे, तिच्या छतावर बाग आहे. आमची त्याहून साधी, अर्धी उतारात पुरलेली. द्राक्षे वरून आत येतील, पंप न लावता आपल्याच भाराने खालच्या टाक्यांत उतरतील आणि शेवटी वाइन तळघरात २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरेल. आई, तळघर आखताना मला आपली आंब्याची अढी आठवत होती. अढीला ऊब लागते आणि पिंपांना गारवा, पण दार सारखे उघडायचे नाही, हा तुझा दम दोन्हीकडे लागू आहे.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. तू दिलेले कुळथाचे पीठ आणि आमसुले अजून पुरत आहेत, खोलीही उबदार आहे.

बाबांनी माटवी बांधायला शिडीवर चढायचे नाही, शेजारच्या मुलांना बोलवायचे. रक्तदाबाची गोळी आरतीच्या गडबडीत चुकवायची नाही. आई, मोदक एकवीसच कर; गुडघे दुखत असताना सगळ्या वाडीला पुरतील एवढे करण्याचा हट्ट या वर्षी नको.

दिवाळीचे तिकीट काढले आहे. चावदिवसाच्या पोह्यांना मी घरी असेन. नारळ तेवढे सोलून ठेवा, खोवायला मीच बसेन.

तुमची,
मनू