लाल दिव्याचं कारण शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा लाल दिवा बघून नवा ॲम्प घ्यायला निघालेलं कुणीतरी आजही पुण्यात असणार. त्यांच्या इमारतीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका राहत असतीलच असं नाही.

आमच्या दोन तक्रारी होत्या. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, आणि गाडी रेस केली की तिचा सूर चढायचा. दुसरं म्हणजे, आवाज वाढवला की थोड्याच वेळात ॲम्पचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि सगळं गप्प. बाबांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग लावली की तर हमखास. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडावर भरदार थाप पडली की ॲम्प प्रोटेक्टमध्ये गेलाच, म्हणजे स्वतःहून बंद. बाबांची बोटं आता पखवाजावर चालत नाहीत. वाईहून पुण्याला दवाखान्यात येता-जाता ते गाडीत स्वतःचं जुनं वाजवणं ऐकतात. ते मध्येच तुटलं की त्यांच्याकडे बघवत नसे.

दुकानात सांगितलं होतं, "आतून गेलाय, नवा घ्या." तुम्ही मात्र गाडीचं दारही न उघडता आधी विचारत बसलात. दिवा कधी लाल होतो? गाडी सुरू केल्या केल्या, की तापल्यावर? शिट्टी इंजिन बंद असताना येते का? आवाज कमी केला की शिट्टी कमी होते का? मग म्हणालात, "दोन तक्रारी आहेत, तर कारणंही दोन असू शकतात. एकेक घेऊ." मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे वाक्य. आम्ही सगळे दोन्हींना मिळून एकच दोष शोधत होतो.

ॲम्पला चालू व्हायचा इशारा देणाऱ्या रिमोटच्या निळ्या वायरीवर स्टिरिओ चालू असताना 12 व्होल्ट येतात, फ्यूज शाबूत आहे, हे झटपट झालं. तेही फ्यूज डोळ्यांनी बघून नाही, मीटर लावून. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2 होते. डिकीत ॲम्पच्या टर्मिनलवर मात्र पखवाज घुमला की आकडा 12.5 च्या खाली. मग तुम्ही टेलिफोनच्या जुन्या वायरीचा लांब तुकडा काढलात. त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरला, आणि मीटरची दुसरी पिन ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला. गाणं वाजत असताना तिथे एक व्होल्टच्या वर दिसलं. "इथे एक-दोन दशांशाच्या वर जायला नको," तुम्ही म्हणालात. ॲम्पची अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली होती तो मागच्या सीटखालचा बोल्ट उघडला, तर वायरीच्या टोकाचं थिंबल चक्क रंगावर आवळलेलं! पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. शिट्टी तिथेच संपली. स्टिरिओचा अर्थ आणि ॲम्पचा अर्थ यांत व्होल्टेजचा फरक पडला की तो स्टिरिओकडून ॲम्पकडे आवाज नेणाऱ्या आरसीए वायरीच्या जाळीतून आवाजात शिरतो, हे तुम्ही माझ्या मुलीला वहीत आकृती काढून दाखवलंत. ती वही तिने जपून ठेवली आहे.

लाल दिवा मात्र तरीही आला. इथे दुसऱ्या कुणीही दुकानाचंच म्हणणं खरं मानलं असतं. तुम्ही सगळे स्पीकर आणि आरसीए सोडवून ॲम्प नुसता चालू ठेवलात. दिवा हिरवाच. आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, मोजलं, तर काही मिलिव्होल्टच. आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला असता तर तिथे व्होल्ट दिसले असते, आणि ते वूफरची, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरची, कॉइल जाळतात. "ॲम्प जिवंत आहे. तो स्वतःला वाचवतोय," हे ऐकून मला किती हायसं वाटलं, ते तेव्हा सांगितलं नाही.

मग स्पीकरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजलात. पुढचे स्पीकर साडेतीन ओहमच्या आसपास दाखवत होते. चार ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो, तेव्हा ते ठीक होतं. वूफरच्या वायरींवर दोनसुद्धा नाही. त्याला चार-चार ओहमच्या दोन कॉइल आहेत, आणि बसवणाऱ्याने त्या पॅरलल जोडून दोन ओहम करून ठेवल्या होत्या. आमचा ॲम्प ब्रिज केल्यावर, म्हणजे त्याचे दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवत असताना, चार ओहमच्या खाली चालवायचा नाही, असं त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलंय. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलच्या वाट्याला निम्मेच ओहम येतात, आणि ओहम जितके कमी तितका ताण जास्त, म्हणजे बिचारा एक ओहमवर राबत होता. तुम्ही कॉइल सिरीजमध्ये जोडल्यात, आठ ओहम झाले. ताकद कमी होणार हे आधीच स्पष्ट सांगितलंत. खरं सांगते, पखवाजाला आता जो मोकळा घुमारा येतो तो आधी कधीच नव्हता.

त्यानंतर खंबाटकी घाट पुऱ्या आवाजात चढलो. दिवा हिरवाच राहिला. बाबांनी "हे दुरुस्त केलं कुणी?" म्हणून विचारलं, तेव्हा तुमचं नाव सांगितलं. त्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. थिंबल आणि वायसरसुद्धा तुमच्याच डब्यातले. मुलीसाठी आम्ही तपकीर गल्लीतून एक साधा मल्टिमीटर आणलाय. रविवारी सकाळी तुम्हाला सवड असेल तर तिला रेझिस्टन्स मोजायला नीट शिकवाल का? ती विचारायला लाजते.

आणि वाईहून येताना काकूंसाठी हळद आणतेय. तिला तरी नको म्हणू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण