उचंत खात्यातले अडीच तास

आदरणीय ग्रंथपाल सर,
सादर नमस्कार.

आपले कोणी आभार मानले की आपण लगेच कपाटाकडे वळून पुस्तके सारखी करू लागता, हे ठाऊक असल्यामुळेच समोर येऊन बोलण्याऐवजी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकणाऱ्या आजच्या मुलांच्याही ते नजरेस पडावे अशी इच्छा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वतःच्या कष्टावर शिकण्याची रीत साताऱ्याच्या मातीत रुजवली. पण कष्ट आणि अभ्यास ही दोन्ही एकाच दिवसात बसवायची कशी, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते. मला ते आपल्यामुळे सापडले.

द्वितीय वर्ष वाणिज्यला असताना कॉस्टिंगचा, म्हणजे परिव्यय लेखांकनाचा, पेपर राहिला आणि एटीकेटी लागली, तेव्हा मी रंगीत पेनांनी आखलेले एक वेळापत्रक घेऊन आपल्याकडे आलो होतो. त्यात रोज पाच तास अभ्यास लिहिलेला होता आणि पहाटे चारला उठण्याचा निर्धारही होता. आपण ते शांतपणे वाचलेत, चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "हे अंदाजपत्रक झाले. रोजकीर्द कुठे आहे?" रोजकीर्द म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांची रोजची नोंदवही; वाणिज्यच्या मुलाला याहून बोचरा प्रश्न विचारता आला नसता. मग आपण बाद झालेल्या दप्तरातून एक अर्धे कोरे रजिस्टर काढून दिलेत आणि आठवडाभर अभ्यास वाढवायचा नाही, वेळापत्रक पाळायचे नाही, फक्त वेळ कुठे गेला ते दर तासाला लिहायचे, असे बजावलेत.

तो आठवडा मला आजही आठवतो. पहाटे पाचला म्हशींच्या धारा, साडेसहाला मेढ्याकडून येणारी एसटी, आठ ते अकरा ग्रंथालयात दाखल क्रमांक घालण्याचे काम, दुपारी सव्वातीनपर्यंत तास, चारच्या गाडीने परत, संध्याकाळी पुन्हा गोठा. शनिवारी आपण माझ्याकडून तेरीज, म्हणजे सगळ्या नोंदींचा ताळा, करून घेतलीत : झोप सात तास, ग्रंथालय तीन, वर्ग चार, प्रवास दोन, गोठा दोन, आंघोळ-जेवण वगैरे दोन. मी दिवसाला चार तास अभ्यास करतो असे शपथेवर सांगितले असते. रजिस्टरात तो सरासरी दीड तास निघाला. चोवीस तासांचा मेळ बसेना, अडीच तास कमी पडत होते. तेरीज जुळत नाही तेव्हा फरक जिथे टाकतात, तिथेच आपण तो लाल पेन्सिलीने टाकलात : 'उचंत खाते, 2 तास 30 मिनिटे'.

पुढचे तीन आठवडे आपण मला अभ्यासाविषयी काहीच न सांगता फक्त उचंत खाते फोडायला लावलेत. वर्गातल्या एका तासाच्या आणि दुसऱ्याच्या मधली पंधरा-वीस मिनिटे, "पाचच मिनिटे" म्हणून हातात घेतलेला मोबाईल, चारची गाडी चुकली की स्टँडवर काढलेली पाऊण तासाची बैठक, अशा चिल्लर नोंदींतूनच ती रक्कम उभी राहिली होती. झोपेला मात्र आपण हात लावू दिला नाहीत. पहाटे चारचा बेत खोडताना आपण म्हणालात, "तो स्थिर खर्च आहे, त्यात कपात नको." लवकर निजे, लवकर उठे हे आम्ही शाळेत घोकलेले, पण रात्री दहापर्यंत जागून पहाटे गोठ्यात उभ्या राहणाऱ्या मुलाला ते ऐकवण्यात अर्थ नाही, हे फक्त आपण ओळखलेत.

एसटीत पुस्तक उघडले की मला मळमळत असे. त्यावर आपण सांगितलेत की, वाचू नकोस, डोळे मिटून आज वर्गात सोडवलेले उदाहरण पहिल्या ओळीपासून मनात पुन्हा मांड. जिथे अडशील तेवढेच घरी जाऊन पाहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की, शिकलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो, त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. हे मी पुढे वाचले आणि परतीच्या गाडीचा तो एक तास इतका का फळला ते उमगले. कॉस्टिंगमधल्या प्रक्रिया परिव्ययाची उदाहरणे मी जवळजवळ सगळी अशीच, खिडकीच्या दांडीला डोके टेकून पक्की केली.

एका बाबतीत मात्र माझे आपल्याशी तेव्हाही जमले नाही आणि आजही जमत नाही. रविवारचीही नोंद ठेवावी, असा आपला आग्रह होता. मी एकदाही ठेवली नाही. आठवड्यातून एक दिवस बेहिशेबी असावा, असे माझे ठाम मत आहे आणि त्याबद्दल आपण धरलेला अबोला मी अनुमोदन समजतो.

कॉस्टिंगचा पेपर पुढच्या सत्रात सुटला. ते रजिस्टर माझ्याकडेच आहे. ग्रंथालयाच्या मालकीचे असूनही परत केलेले नाही, याची कबुली येथे देतो. त्याच्या शेवटच्या भरलेल्या पानावर आपल्या लाल पेन्सिलीची नोंद आहे : 'उचंत, 35 मिनिटे. चालेल.' ही पस्तीस मिनिटे कुठे जातात, असे आपण दोनदा विचारले होते आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला होता. सर, ती स्टँडबाहेरच्या गाड्यावर कांदाभजी खाण्यात जात होती.

आपला नम्र विद्यार्थी,
'कमवा आणि शिका', वाणिज्य शाखा